किमान वेतन वाढलं, पण पगारपत्रकात उतरलं का?

जुलैचा पगार खात्यात पडला की बहुतेक जण एवढंच बघतात: गेल्या महिन्यापेक्षा किती जास्त आले. चारशे-पाचशे जास्त दिसले की 'वाढ मिळाली', तेवढेच आले की 'काही वाढलं नाही'. दोन्ही अंदाज चुकू शकतात. जूनमध्ये कामगार कल्याण निधीचे २५ रुपये कापलेले असतात, जुलैत ते कापले जात नाहीत. ओटी (जादा तासांचं काम) एखाद दिवस जास्त झालेला असतो. उलट, वाढ नीट मिळूनही पीएफची कपात वाढल्यामुळे हातात कमीच दिसते. म्हणून मोबाइलवर आलेल्या बँकेच्या मेसेजवरून काही ठरवू नका. पगारपत्रक उघडा आणि त्यातल्या दोनच ओळींवर बोट ठेवा: मूळ वेतन आणि विशेष भत्ता.

महाराष्ट्रात किमान वेतन या दोघांचं मिळून बनतं. मूळ दर सरकार अधिसूचना काढून ठरवतं आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. महागाईशी जुळवून घेण्याचं काम विशेष भत्ता करतो. ग्राहक किंमत निर्देशांकाची आधीच्या सहा महिन्यांची सरासरी काढून हा भत्ता दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. मधूनच कधीतरी मूळ दरच सुधारला जातो. तेव्हा निर्देशांकाचा पायाही बदलतो, त्यामुळे मूळ वेतन एकदम वर जातं आणि विशेष भत्ता खाली येतो. 'आमचा भत्ता कापला' अशी ओरड त्या वेळी हमखास होते. अशा महिन्यात एकेक ओळ नको, दोन्हींची बेरीज ताडून बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. जुन्या अधिसूचनांतले दर त्यांच्या जागी नवे येईपर्यंत चालू राहतात. त्यामुळे खालचा हिशोब बदलत नाही. तक्रारीच्या मुदतीत मात्र मोठा फरक पडला आहे. तो पुढे येईलच.

तक्ता कोणता?

हिशोब चुकतो तो बहुधा गणितात नाही, चुकीचा तक्ता हातात घेतल्यामुळे. महाराष्ट्रात प्रत्येक उद्योगाला वेगळा तक्ता आहे: दुकानं व व्यापारी आस्थापना, हॉटेल, अभियांत्रिकी, कापड, रुग्णालयं, असे कितीतरी. कुठल्याच यादीत न बसणाऱ्या उद्योगांसाठीही स्वतंत्र तक्ता आहे. सगळे तक्ते कामगार आयुक्तालयाच्या 'महाकामगार' संकेतस्थळावर मिळतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो वापरणार असाल तर त्यावरचा कालावधी आधी वाचा. दोन वर्षांपूर्वीचे तक्ते अजून गटागटांतून फिरत असतात.

त्याआधी एक प्रश्न सोडवा: तुम्हाला राज्याचा दर लागू आहे की केंद्राचा? रेल्वे, बँका, मोठी बंदरं, खाणी इथलं कंत्राटी काम केंद्राच्या अखत्यारीत येतं. तिथला भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, आणि दर राज्याच्या बऱ्याच उद्योगांपेक्षा चांगले वर असतात. उदाहरणच घ्यायचं तर १ ऑक्टोबर २०२४ पासून 'अ' विभागात (मोठ्या शहरांत) बांधकाम, झाडलोट, माल चढवणं-उतरवणं या कामांतल्या अकुशल कामगाराचा केंद्रीय दर दिवसाला ७८३ रुपये, म्हणजे महिन्याला २०,३५८ रुपये होता. रेल्वे स्टेशनवर झाडू मारणाऱ्या बाईला कंत्राटदार राज्याचा दर देत असेल तर तिचं नुकसान दर महिन्याला हजारांत जातं. तरीही पगारपत्रकावर 'किमान वेतनाप्रमाणे' असं छापलेलं असतं, आणि ते अगदीच खोटंही नसतं. माथाडी मंडळ किंवा सुरक्षा रक्षक मंडळात नोंद असलेल्यांचे दर मंडळ ठरवतं, त्यांनी तेच बघावेत.

पुढचा रकाना परिमंडळाचा. मोठ्या शहरांचा दर वेगळा, नगरपालिकांचा वेगळा, उरलेल्या भागाचा वेगळा. परिमंडळाची व्याख्या प्रत्येक उद्योगाच्या अधिसूचनेत दिलेली असते आणि ती सगळीकडे सारखी नसते, म्हणून आपल्याच उद्योगाची वाचा. यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष काम करता ते. कंत्राटदाराचं ऑफिस तालुक्याच्या गावी आहे आणि तुमची ड्युटी महापालिका हद्दीत, तर दर महापालिका हद्दीचा.

शेवटी वर्गवारी: कुशल, अर्धकुशल, अकुशल. वर्ग कामावरून ठरतो, ओळखपत्रावर काय छापलंय यावरून नाही. वेल्डिंग करणाऱ्याच्या कार्डावर 'हेल्पर' लिहून त्याला अकुशलचा दर लावणं हा जुना धंदा आहे. अधिसूचनेत प्रत्येक वर्गाखाली पदांची नावं दिलेली असतात. आपलं काम त्यातल्या ज्या नावाशी जुळतं तो आपला वर्ग.

सव्वीसचा भागाकार

हिशोब सुटसुटीत व्हावा म्हणून काही आकडे मानून घेऊ. खरे आकडे आपल्या तक्त्यातून घाला. समजा मूळ दर १०,४०० आणि विशेष भत्ता ३,१२०. बेरीज १३,५२०. १ जानेवारीपासून भत्ता ३,५१० झाला, म्हणजे बेरीज १३,९१०. महिन्याची वाढ ३९० रुपये.

दिवसाचा दर काढायला महिन्याच्या आकड्याला २६ ने भागतात. जुना ५२०, नवा ५३५. वरच्या केंद्रीय दरातही ७८३ ला २६ ने गुणलं की २०,३५८ येतात. २६ यासाठी की साप्ताहिक सुट्टीचा पगार या दरातच धरलेला असतो: काम २६ दिवसांचं, पगार अख्ख्या महिन्याचा.

इथेच सगळ्यात मोठी गळती होते, आणि ती दिसत नाही. पगाराला ३० ने भागायचं आणि फक्त हजर दिवसांनी गुणायचं. १३,९१० भागिले ३० म्हणजे ४६३.६७. कामगार एकही खाडा न करता २६ दिवस आला. ४६३.६७ गुणिले २६, हातात १२,०५५. कागदावर मासिक दर बरोबर, भागाकार बरोबर, गुणाकारही बरोबर, आणि तरी १,८५५ रुपये गायब. वाढ ३९० ची आणि गळती तिच्या जवळपास पाचपट! ३० ने भागायला हरकत नाही, पण मग गुणताना सुट्ट्याही मोजल्या पाहिजेत. सुट्ट्या मोजायच्या नसतील तर भाजक २६ हवा. पगारपत्रकावर 'भरलेले दिवस' किती आणि दिवसाचा दर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच कळतं.

कामावर आल्यावर 'आज माल नाही, घरी जा' असं सांगून अर्धा दिवस लावणंही चालत नाही. कामगार यायला तयार होता आणि काम मालकाकडे नव्हतं, तर तो दिवस पूर्ण. नगावर काम करणाऱ्यांनाही हाच तळ लागू आहे: दिवसभराच्या नगांचे पैसे दिवसाच्या किमान दराखाली जाता कामा नयेत. अर्धवेळ कामगारांच्या बाबतीत अनेक अधिसूचनांत तासाच्या दरावर १५ टक्के जादा धरायला सांगितलेलं असतं. आपल्या उदाहरणात ५३५ भागिले ८ म्हणजे ६६.८७५, त्यावर १५ टक्के, म्हणजे तासाला ७६.९१ रुपये. धुण्याभांड्यासारखा 'महिन्याला इतके' असा ठोक आकडा ठरवून दुकानात चार तास उभ्या राहणाऱ्या मुलींनी हा आकडा जरूर काढून बघावा.

बारा तासांची ड्युटी

सुरक्षारक्षक, पेट्रोल पंप, हाउसकीपिंग इथे बारा तासांची पाळी सर्रास चालते. हजेरीपत्रकावर मात्र एकच 'पी'. पगार विचारला की सांगतात, 'बारा तासांचे पंधरा हजार, किमान वेतनापेक्षा जास्तच देतो.'

मोजून बघा. किमान दर आठ तासांचा आहे. त्यापुढचा प्रत्येक तास दुप्पट दराने. नवा तासाचा दर ६६.८७५, दुप्पट १३३.७५, चार तासांचे ५३५. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीचे ५३५ अधिक ५३५, एकूण १,०७०. बरोबर दोन दिवसांचा पगार. काही ठिकाणी उदारपणा म्हणून 'दीड ड्युटी' देतात, ती ८०२.५० ची होते, म्हणजे रोजचे २६७.५० तरीही बुडालेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर बारा तासांचे २७,८२० व्हायला हवेत. पंधरा हजार किमान वेतनापेक्षा जास्त दिसतात ते फक्त तास न मोजल्यामुळे.

किमान वेतन वाढलं की ओटीचा दरही आपोआप वाढायला हवा. ऑफिसातल्या एक्सेलमध्ये मूळ पगाराचा रकाना बदलतात आणि ओटीचा दर जुनाच राहतो, असं फार होतं. यात नेहमीच लबाडी असते असं नाही. लक्षात आणून दिलं की पुढच्या महिन्यात दुरुस्त होतं. मागच्या महिन्यांचं तेवढं मागावं लागतं.

किमान वेतनात काय धरत नाहीत

कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर कधी कधी दहा ओळी असतात: मूळ, धुलाई भत्ता, प्रवास, हजेरी बक्षीस, घरभाडे, बोनस, रजेचे पैसे. सगळ्यांची बेरीज तक्त्यातल्या आकड्याइतकी आली की 'किमान वेतन पूर्ण'. वेतन संहितेतल्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, बोनस, ओव्हरटाइम, मालकाचा पीएफचा वाटा हे वेतनात येत नाहीत. म्हणून तुलना मूळ अधिक विशेष भत्ता यांचीच करा. बाकीचे भत्ते त्याच्या वर, वेगळे. जिथे ५० किंवा अधिक कामगार आहेत तिथे तर १९८३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने किमान ५ टक्के घरभाडे भत्ता वेगळा द्यावा लागतो: आपल्या उदाहरणात १३,९१० वर ६९५.५०. विशेष भत्ता वाढला की हेही वाढतात.

आता नावडती बाजू. तुमचं वेतन आधीपासूनच नव्या किमान दराच्या वर असेल, तर भत्ता वाढला म्हणून तुमचा पगार वाढलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एअरफ्रेट कंपनीच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: किमान वेतन ही एकसंध रक्कम आहे, ती पूर्ण मिळत असेल तर महागाईचा भाग वेगळा काढून मागता येत नाही. युनियनच्या करारात किंवा नेमणूकपत्रात 'सरकारी भत्त्याप्रमाणे वाढ' असं लिहिलेलं असेल तर गोष्ट निराळी.

कपातीचा कोपरा

वरच्याच उदाहरणात, घरभाडे भत्ता लागू नसलेल्या पुरुष कामगाराचा पगार बघू. आधी: १३,५२० मधून पीएफ १२ टक्के म्हणजे १,६२२, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे १०२ (ईएसआय पुढच्या रुपयावर नेतात), व्यवसाय कर २००. हातात ११,५९६. नंतर: १३,९१० मधून १,६६९, १०५ आणि २००. हातात ११,९३६. वाढ ३९० ची, हातात ३४०. उरलेल्या ५० पैकी ४७ तुमच्याच पीएफ खात्यात गेले. 'पन्नास रुपये कोणी खाल्ले?' याचं उत्तर एवढंच.

पीएफ मूळ अधिक विशेष भत्ता या दोन्हींवर हवा. फक्त १०,४०० वर धरून १,२४८ कापला की हातात चारशे रुपये जास्त येतात आणि कोणी ओरडत नाही. पण मालकाचाही तेवढाच वाटा बुडतो आणि पेन्शनही कमी बसते. वेतन १५,००० च्या वर गेलं की मालक कपात १,८०० वर थांबवू शकतो, ते नियमात आहे. मालकाचा १२ टक्के वाटा तुमच्या पगारातून कापणं मात्र कुठल्याच नियमात नाही. पीएफचं पासबुक यूएएनने (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाने) उघडलं की दर महिन्यासमोर ईपीएफ वेतनाचा आकडा दिसतो. तो १०,४०० असेल आणि तुमच्या पगारपत्रकावर १३,९१० असेल, तर दोन्हींपैकी एक कागद खोटा आहे.

ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. वाढीमुळे कोणी ती ओलांडली तर कपात लगेच थांबत नाही; एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू टप्पा संपेपर्यंत ती चालते आणि उपचारांचा हक्कही राहतो. व्यवसाय करात बायकांचं नुकसान फार होतं. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तरीही जुन्या सॉफ्टवेअरमुळे २०० कापले जातात. पुरुषांना १०,००० च्या वर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, त्यामुळे फेब्रुवारीच्या पगारात वाढ शंभराने कमी दिसते.

गणवेशाचे पैसे, 'अनामत', ओळखपत्राचे पैसे या कपाती कायद्याने परवानगी दिलेल्या यादीत नाहीत. मान्य कपाती धरूनसुद्धा एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ नये. आणि बँकेत पूर्ण पगार टाकून नंतर मुकादमाने रोख परत घ्यायची पद्धत असेल, एटीएम कार्डच त्याच्याकडे असेल, तर कुठलंही पगारपत्रक तपासून काही सापडणार नाही. तिथे पैसे कुठल्या तारखेला, कोणत्या एटीएममधून निघाले, ते पासबुकातून उतरवून ठेवा.

मधल्या महिन्यांचा फरक

नवा विशेष भत्ता १ जानेवारीपासून लागू असतो, पण परिपत्रक बऱ्याचदा नंतर निघतं. तोवर जानेवारीचा पगार जुन्या दराने झालेला असतो. ऑफिसात परिपत्रक पोचलं की पुढचा पगार नव्या दराने निघतो, आणि मधला महिना सगळे विसरतात. दर तारखेपासून देय आहे, परिपत्रक हाती आल्यापासून नाही.

फरक काढणं सोपं आहे. दिवसाच्या दरातली वाढ १५ रुपये. जानेवारीत २६ दिवस भरले असतील तर ३९०. दोन बिनपगारी खाडे असतील तर १५ गुणिले २४, म्हणजे ३६०. त्यात ओटीचा फरक: दुप्पट दर १३० वरून १३३.७५ झाला, ३० तास ओटी असेल तर आणखी ११२.५०. पूर्ण हजेरीवाल्याचे एकूण ५०२.५०. यातल्या ३९० वर पीएफ कापला जाईल, ओटीच्या रकमेवर नाही. ईएसआय दोन्हींवर. जानेवारीत काम करून फेब्रुवारीत नोकरी सोडली असेल, तरी हा फरक त्याचाच आहे. पण त्याला कोणी फोन करून बोलवणार नाही, त्यानेच मागायचा.

'मूळ कंपनीने आमचं बिल वाढवून दिलं नाही' हे कंत्राटदाराचं ठरलेलं उत्तर. ते त्या दोघांमधलं भांडण. कंत्राटदाराने दिलं नाही तर जबाबदारी ज्यांच्यासाठी काम चालतं त्या मुख्य मालकावर येते. कमी पगाराला कबूल असल्याची सही घेतलेली असली तरी तिला किंमत नाही.

मागायचं कसं

आधी पगार काढणाऱ्या माणसाला लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर विचारलं तरी चालेल, तारीख राहते. 'पगार कमी आहे' असं मोघम लिहू नका. 'जानेवारी, भरलेले दिवस २६, देय १३,९१०, मिळाले १३,५२०, फरक ३९०' अशी एकेका महिन्याची ओळ करा आणि तक्त्याचं पान जोडा. असं पत्र आलं की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात, कारण समोरच्यालाही तेच कॅल्क्युलेटरवर करून बघता येतं.

नाही मिटलं तर सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या. केंद्राचा दर लागू असेल तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. एकट्याने नको वाटत असेल तर युनियनमार्फत किंवा अनेकांनी मिळून अर्ज करता येतो. पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, पीएफ पासबुक, हजेरीचे फोटो जोडा. पगारपत्रक देतच नसतील तर तेही अर्जात लिहा, कारण ते देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. वेतन बुडवल्याचं ठरलं तर फरकाशिवाय त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. जुन्या किमान वेतन कायद्यात मागणीची मुदत सहा महिन्यांची होती. आता ती तीन वर्षांची आहे. तेव्हा जुनी पगारपत्रकं जमा करताना गेल्या जानेवारीपाशी थांबू नका.